तारे मोजणारा सुलतान

इसवी सन १४२० च्या सुमारास इराणमधल्या काशान शहराचा एक गणिती नोकरीसाठी समरकंदला पोहोचला. त्याचे नाव जमशीद अल-काशी. तिथून त्याने वडिलांना लिहिलेली दोन पत्रे आज उपलब्ध आहेत. परगावी गेलेला कुठलाही मुलगा घरी जे लिहील तेच त्यांत आहे: काम कसे आहे, बरोबरची माणसे किती पाण्यात आहेत, आपला मान कसा राखला जातो. पण पत्रांत कौतुकाचे शब्द सर्वांत जास्त वाट्याला आले आहेत ते मालकाच्या. आणि मालक होता खुद्द समरकंदचा सुलतान.

जमशीद लिहितो की सुलतानाला कुराणाचा बराचसा भाग मुखोद्गत आहे, त्याचे अरबी उत्तम आहे आणि गणितात त्याची गती विलक्षण आहे. एकदा घोड्यावरून जाताना एक जुनी तारीख वर्षाच्या कोणत्या ऋतूत पडली होती असा प्रश्न त्याच्या मनात आला. ती तारीख हिजरी कालगणनेतली. चांद्रवर्षाच्या त्या कालगणनेचा ऋतूंशी मेळ नसतो, त्यामुळे उत्तरासाठी त्या दिवशीचे सूर्याचे स्थान काढणे भाग होते. सुलतानाने ते घोड्यावर बसल्या बसल्या, कागद-लेखणीशिवाय, अंश-कलांपर्यंत काढले. जमशीद स्वतः त्या काळातला अव्वल गणिती होता. त्याने १४२४ मध्ये पायची किंमत सोळा दशांश स्थळांपर्यंत अचूक काढली. अशा माणसाला ज्या तोंडी हिशेबाचे आश्चर्य वाटले, तो करणारा राजा म्हणजे उलुग बेग.

ज्योतिषांना आश्रय देणारे राजे पुष्कळ होऊन गेले. उलुग बेगचे वेगळेपण असे की तो या कामाचा केवळ पोशिंदा नव्हता, काम करणाऱ्यांपैकी एक होता. आकाशाचे मोजमाप ही एका हुशार माणसाच्या आवाक्यातली गोष्ट नाही. त्यासाठी शाळा लागते, यंत्रे लागतात, चुका दाखवणारे सहकारी लागतात आणि कित्येक वर्षांची शांतता लागते, हे त्याला पुरते समजले होते. पहिल्या तीन गोष्टी त्याने स्वतः उभ्या केल्या. चौथी मात्र त्याच्या हातात नव्हती. ती मिळाली वडिलांच्या कर्तबगारीमुळे आणि ते गेल्यावर अडीच वर्षांत संपली.

उलुग बेगचा जन्म २२ मार्च १३९४ रोजी आजच्या इराणमधल्या सुलतानिया येथे, आजोबांच्या लष्करी मोहिमेच्या धामधुमीत झाला. आजोबा म्हणजे तैमूर. चार वर्षांनी, १३९८ च्या डिसेंबरात, दिल्लीची राखरांगोळी करणारा तैमूरलंग. बाळाचे नाव मुहम्मद तारागाय ठेवले होते. उलुग बेग, म्हणजे थोर सरदार, हे नाव लाडाने पडले आणि तेच कायम झाले. नातवाच्या जन्माची बातमी आली तेव्हा तैमूर मार्दिनच्या किल्ल्यापुढे तळ देऊन होता आणि त्या आनंदात त्याने तिथल्या लोकांना अभय दिले, असे इतिहासकारांनी नोंदवले आहे. मुलाचे बालपण छावण्यांतच गेले. लहानपणी त्याने मराघा येथील तेराव्या शतकातल्या वेधशाळेचे अवशेष पाहिल्याचे सांगतात. नसीरुद्दीन तुसी या विद्वानाने उभारलेली ती वेधशाळा तोवर ओस पडली होती.

फेब्रुवारी १४०५ मध्ये चीनवर स्वारीला निघालेला तैमूर वाटेत ओत्रारला मरण पावला आणि वारसांत तलवारी निघाल्या. त्या झगड्यातून वर आला तो तैमूरचा धाकटा मुलगा शाहरुख, उलुग बेगचा बाप. शाहरुखने राजधानी आजच्या अफगाणिस्तानातल्या हेरातला ठेवली आणि १४०९ मध्ये समरकंदचा कारभार पंधरा वर्षांच्या मुलाकडे सोपवला. पुढची अडतीस वर्षे उलुग बेग समरकंदचा सत्ताधीश होता, पण वडिलांच्या छत्राखाली. हेरातमध्ये शाहरुख आणि त्याची कर्तबगार राणी गौहरशाद यांनी राज्याची घडी बसवली होती. अशा घडी बसलेल्या राज्यातच कुणाला तीस-तीस वर्षांच्या कामाचा विचार करता येतो.

उलुग बेगने सुरुवात केली शाळेपासून. १४१७ ते १४२० या काळात समरकंदच्या रेगिस्तान चौकात त्याने मदरसा बांधला. आज या चौकाच्या छायाचित्रांत तीन भव्य इमारती दिसतात. त्यांपैकी दोन सतराव्या शतकातल्या, तिसरी आणि सर्वांत जुनी ती ही. निळ्या फरशांनी मढवलेल्या तिच्या दर्शनी कमानीवर ताऱ्यांची नक्षी आहे. बुखारा आणि गिजदुवान येथेही त्याने मदरसे उभारले. धर्मशास्त्राबरोबर गणित आणि खगोल हे विषय इथे मनापासून शिकवले जात, आणि सुलतान स्वतः चर्चांना येऊन बसे.

या मदरशाचा प्रमुख होता काझीजादा रूमी, आजच्या तुर्कस्तानातल्या बुर्सा शहराचा विद्वान. त्याच्याबद्दलची एक हकिकत जुन्या चरित्रकारांनी लिहून ठेवली आहे. सुलतानाने एका अध्यापकाला परस्पर काढून टाकले. ते कळताच काझीजादाने आपली व्याख्याने बंद केली. तो आजारी असेल म्हणून सुलतान त्याच्या घरी गेला, तर तो ठणठणीत. शिक्षकाची जागा राजाच्या मर्जीवर नसते असे आपण समजत होतो, असे काझीजादाने त्याला सांगितले. सुलतानाने अध्यापकाला परत घेतले आणि पुन्हा असे करणार नाही असे वचन दिले. हकिकत थोडी रंगवलेली असेलही. पण जमशीदच्या पत्रांतही दरबाराचे असेच चित्र उमटते. तिथे प्रश्नाचा काथ्याकूट होतो, कुणी राजाचा मान ठेवण्यासाठी मान डोलावत नाही आणि राजाला ते चालते.

मदरशानंतर वेधशाळा. समरकंदच्या उत्तरेला कुहक नावाच्या टेकडीवर १४२० च्या दशकात ती उभी राहिली. गोलाकार इमारत, तीन मजले, व्यास पंचेचाळीस मीटरांहून अधिक. तिच्या पोटात, बरोबर दक्षिणोत्तर रेषेवर, सुमारे ४० मीटर त्रिज्येचा दगडी कमानीसारखा कंस होता. त्याचा खालचा भाग टेकडीचा खडक खोदून सुमारे अकरा मीटर खोल चरात उतरवला होता आणि वरचा भाग इमारतीतून वर चढत जाई. दहाव्या शतकात अल-खुजंदी या खगोलज्ञाने तेहरानजवळच्या रय शहरात असेच षष्ठांश यंत्र बांधले होते. त्याच कल्पनेला उलुग बेगच्या माणसांनी प्रचंड रूप दिले.

इतके मोठे कशासाठी? कोन मोजताना वर्तुळ जेवढे मोठे, तेवढे अंशाचे भाग मोकळे होतात. हातात धरायच्या पितळी यंत्रावर एक अंश म्हणजे जेमतेम एक-दोन मिलिमीटर. ४० मीटर त्रिज्येच्या कंसावर एक अंश जवळजवळ ७० सेंटिमीटर होतो. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. ती इथे एक सेंटिमीटरहून थोडी अधिक. कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. अशा पाच विकला मिळून एक मिलिमीटर. दगडावर खुणा कोरून डोळ्यांनी वाचता येईल अशी ही पट्टी होती.

यंत्र चालायचे ते असे. माध्यान्ही सूर्य याम्योत्तर वृत्तावर आला की इमारतीच्या माथ्यावरल्या छोट्या छिद्रातून त्याचे किरण आतल्या अंधारात शिरत आणि कंसावर सूर्याचे गोल बिंब पडे, सुमारे सदतीस सेंटिमीटर रुंद. बिंबाचा मध्य कोणत्या खुणेवर आहे हे पाहिले की सूर्याची त्या दिवशीची उंची मिळे. समरकंदला वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी ती सुमारे ७४ अंश असते, सर्वांत लहान दिवशी सुमारे २७ अंश. या दोन आकड्यांतला फरक निम्मा केला की पृथ्वीच्या अक्षाचा कल, म्हणजेच आपल्याकडचे ज्योतिषी जिला परमक्रांती म्हणतात ती मिळते. उलुग बेगच्या वेधशाळेने ती २३ अंश ३० कला १७ विकला अशी काढली. त्या काळातल्या खऱ्या मूल्यापेक्षा हा आकडा अर्ध्या कलेने चुकला आहे. दुर्बीण अजून जवळजवळ दोनशे वर्षे दूर होती.

वर्षाची लांबीही इथे मोजली गेली. नाक्षत्र वर्ष त्यांच्या हिशेबाने ३६५ दिवस ६ तास १० मिनिटे ८ सेकंदांचे. आजच्या मूल्याशी तफावत एका मिनिटाच्या आत. ऋतूंशी बांधलेले सायन वर्ष त्यांनी ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटे १५ सेकंद मानले. तफावत साधारण पंचवीस सेकंदांची. इतकी अचूकता एका वेधातून येत नाही. तेच निरीक्षण वर्षानुवर्षे करत राहावे लागते. शनीला आकाशाची एक फेरी पुरी करायला साडेएकोणतीस वर्षे लागतात, आणि त्याची गती नीट बांधायची तर एवढा काळ कुणीतरी त्याच्या मागावर असावे लागते.

वेध घेणे हे निम्मे काम. उरलेले निम्मे म्हणजे आकडेमोड. तिचा सगळा डोलारा ज्यांच्या कोष्टकावर, म्हणजे शाळेत शिकतो त्या साइनच्या तक्त्यावर उभा असतो. तीन अंशांची ज्या भूमितीने काटेकोर निघते. एक अंशाची काढायला गेले की घनसमीकरण आडवे येते आणि ते भूमितीच्या साध्या साधनांना दाद देत नाही. जमशीदने यावर तोडगा काढला. अंदाजे उत्तर घ्यायचे, ते समीकरणात परत घालायचे, त्यातून अधिक चांगले उत्तर घ्यायचे, आणि हवी तेवढी अचूकता येईपर्यंत हेच करत राहायचे. संगणक आज याच रीतीने असंख्य समीकरणे सोडवतो. त्या एका मूल्याच्या पायावर समरकंदच्या गणकांनी एकेका कलेच्या अंतराने ज्यांचे कोष्टक रचले.

या साऱ्या श्रमांचे फळ म्हणजे झीज-ए-सुलतानी हा फारसी ग्रंथ. झीज म्हणजे खगोलीय सारण्यांचा संग्रह; पंचांग करणाऱ्याला लागणारी सर्व सामग्री त्यात असते. ग्रंथाचे चार भाग आहेत: निरनिराळ्या लोकांच्या कालगणना, गणित आणि गोलीय खगोल, ग्रहताऱ्यांची स्थाने, आणि शेवटी फलज्योतिष. शेवटचा भाग पाहून आजच्या वाचकाला नवल वाटेल, पण पंधराव्या शतकात आकाश पाहणारा माणूस या दोन विषयांत भिंत घालत नव्हता. ग्रंथातले सर्वांत मोलाचे प्रकरण म्हणजे १४३७ या वर्षासाठी दिलेली १०१८ ताऱ्यांची यादी. ग्रीक खगोलज्ञ टॉलेमीची यादी तेव्हा तेराशे वर्षे जुनी झाली होती. मधल्या काळात अनेकांनी तिच्यातल्या आकड्यांत ठरावीक भर घालून काम भागवले होते. समरकंदच्या मंडळींनी बहुतेक सर्व तारे पुन्हा मोजले. दक्षिणेकडचे सत्तावीस तारे समरकंदहून दिसत नव्हते. तेवढे जुन्या यादीतून घेतले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डेन्मार्कच्या टायको ब्राहेची यादी तयार होईपर्यंत जगात याच्या तोडीचे काम झाले नाही.

ग्रंथाच्या प्रस्तावनेत सुलतानाने सहकाऱ्यांची नावे घेतली आहेत. काम सुरू होताच जमशीद वारला. ते साल १४२९. ग्रंथ पुरा होण्याआधी काझीजादाही गेला. काम तडीस नेले ते अली कुशजी या तरुणाच्या मदतीने. अली हा सुलतानाच्या बाजदाराचा मुलगा, लहानपणापासून दरबारात वाढलेला. प्रस्तावनेत उलुग बेग त्याला गुणी पुत्र म्हणतो.

स्वतःच्या मुलाशी मात्र त्याचे कधी जमले नाही.

राजा म्हणून उलुग बेगचा हिशेब संमिश्र आहे. चंगेजखानाच्या वंशातल्या कुणाला तरी नावापुरता खान म्हणून बसवायचे आणि राज्य आपण करायचे, ही तैमूरची रीत त्याने चालू ठेवली. १४२८ मध्ये त्याने तांब्याच्या नाण्यांची सुधारणा करून बाजारातल्या छोट्या व्यवहारांना भरवशाचे चलन दिले. रणांगणावर त्याला एकदा यश आले. १४२५ मध्ये तो पूर्वेकडे मोगलिस्तानात खोलवर गेला आणि तिथून गडद हिरव्या जेडचा मोठा दगड घेऊन आला. तो आज तैमूरच्या समाधीवर आहे. दोन वर्षांनी उत्तरेकडच्या बराक खानाने सिग्नाकजवळ त्याचा दणदणीत पराभव केला. बराक हा एके काळी उलुग बेगच्याच मदतीने गादीवर बसलेला होता. समरकंदमध्ये घबराट उडाली आणि सावरायला शाहरुखला हेरातहून फौज घेऊन यावे लागले. वडिलांनी खरडपट्टी काढली, पण पद काढून घेतले नाही. त्यानंतर उलुग बेग मोहिमांच्या वाटेला फारसा गेला नाही. त्याची उत्तम वर्षे, वेधशाळेची वर्षे, ती हीच.

मार्च १४४७ मध्ये शाहरुख मरण पावला आणि भाऊबंदकी पेटली. उलुग बेगचा थोरला मुलगा अब्दुल लतीफ हेरातला आजी गौहरशादच्या देखरेखीखाली वाढला होता. बापलेक एकमेकांना जवळजवळ परके होते. १४४८ मध्ये हेरातजवळ तरनाबच्या लढाईत दोघे एकाच बाजूने लढले आणि जिंकले. पण विजयपत्रांत बापाने श्रेय धाकट्या अब्दुल अजीजला दिले. हेरातच्या किल्ल्यात ठेवलेली संपत्तीही थोरल्याला मिळू दिली नाही. इकडे उलुग बेग हेरातमध्ये असताना उत्तरेच्या उझबेक टोळ्यांनी समरकंदच्या परिसरात लुटालूट केली. मदरशाच्या शिक्षकासमोर चूक कबूल करणाऱ्या या माणसाला पोटच्या पोराचा दुखावलेला मान मात्र सांभाळता आला नाही.

१४४९ च्या शरदात अब्दुल लतीफ फौज घेऊन समरकंदवर चालून आला. शहराबाहेरच्या लढाईत बाप हरला. परतून आला तर समरकंदचे दरवाजे त्याच्याच अधिकाऱ्याने लावून घेतलेले. अखेर त्याने मुलापुढे शरणागती पत्करली आणि हजला जाण्याची परवानगी मागितली. मुलाने ती दिली. त्याच वेळी दुसरीकडे, बापाविरुद्ध रक्ताचा दावा असलेल्या अब्बास नावाच्या माणसाला सूड घेण्याचा धार्मिक कौल मिळवून देण्यात आला. त्याच्या वडिलांना उलुग बेगने ठार केले होते. यात्रेकरू फार दूर गेलाच नाही. २७ ऑक्टोबर १४४९ रोजी समरकंदजवळच्या एका खेड्यात अब्बासने त्याचा शिरच्छेद केला. अब्दुल अजीजचाही लवकरच काटा काढण्यात आला. पितृघातकी मुलाने सहा महिनेच राज्य केले. मे १४५० मध्ये बापाशी एकनिष्ठ असलेल्यांनी त्याला मारले आणि त्याचे शिर उलुग बेगच्या मदरशाच्या दारावर टांगले.

जून १९४१ मध्ये सोव्हिएत संशोधकांनी समरकंदच्या गुर-ए-अमीर या तैमूरी समाधिस्थळातली थडगी उघडली. उलुग बेगच्या सांगाड्यात मानेचा मणका धारदार शस्त्राने कापलेला आढळला. त्याला कफनाऐवजी अंगावरच्या कपड्यांनिशी पुरले होते. इस्लामी परंपरेत हा मान हुतात्म्याचा. वेधशाळा मात्र त्याआधीच सापडली होती. टेकडीवरची इमारत कालांतराने पडली, विटा लोकांनी नेल्या आणि जागाही विस्मरणात गेली. १९०८ मध्ये वसिली व्याटकिन या रशियन संशोधकाने एका जुन्या वक्फ दस्तऐवजातल्या सीमांच्या वर्णनावरून जागा हुडकली आणि खोदल्यावर खडकात उतरलेला कंस जसाच्या तसा निघाला. जमिनीखाली होता म्हणूनच तो वाचला.

कागदावरच्या सारण्यांना मात्र कुणी शोधून काढावे लागले नाही, कारण त्या कधी हरवल्याच नाहीत. अली कुशजी त्या घेऊन आधी तब्रीझला आणि मग इस्तंबूलला गेला. तिथे सुलतान दुसरा मुहम्मद याने त्याला सन्मानाने ठेवून घेतले. १६६५ मध्ये ऑक्सफर्डला टॉमस हाइडने तारकायादी लॅटिन भाषांतरासह छापली. चंद्रावरच्या एका विवराला आज उलुग बेगचे नाव आहे.

भारतात या सारण्या आल्या त्या मोगलांबरोबर. बाबर हा तैमूरच्याच दुसऱ्या मुलाच्या शाखेतला. तरुणपणी समरकंद जिंकल्यावर त्याने ती तीन मजली वेधशाळा पाहिली आणि आत्मचरित्रात तिचे वर्णन केले. त्याच ओघात त्याने माळव्यातल्या उज्जैनच्या जुन्या वेधपरंपरेचाही उल्लेख केला आहे. अकबराच्या काळी फतहुल्ला शिराझीच्या देखरेखीखाली, ब्राह्मण ज्योतिष्यांच्या सहकार्याने, या झीजच्या काही भागाचे भाषांतर झाले. पुढे अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंगाने आपल्या सारण्या करताना ताऱ्यांसाठी उलुग बेगची यादीच आधाराला घेतली. मधल्या तीनशे वर्षांत संपातबिंदू सरकल्यामुळे त्याने प्रत्येक ताऱ्याच्या भोगांशात ४ अंश ८ कला मिळवल्या. जयसिंगाने प्रथम समरकंदच्या धर्तीची पितळी यंत्रे करून पाहिली. त्यांच्या कण्या झिजतात, मध्य हलतो, असे दिसल्यावर तो चुन्या-दगडाच्या अवाढव्य यंत्रांकडे वळला.

त्याने बांधलेल्या वेधशाळांपैकी उज्जैनची वेधशाळा पुढे शिंद्यांच्या मुलखात आली. मोडकळीला आलेली ही वास्तू १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी दुरुस्त करून घेतली आणि तिचे पहिले अधीक्षक झाले मराठी ज्योतिर्गणिती गोविंद सदाशिव आपटे. जयपूरच्या जंतरमंतरमध्ये भल्याथोरल्या सम्राट यंत्राच्या पोटात एक अंधारी खोली आहे. तिथल्या भिंतीवर षष्ठांश यंत्राचा साठ अंशांचा कंस आहे. माध्यान्ही छतातल्या छिद्रातून त्याच्यावर सूर्यबिंब पडते आणि खुणांवरून सूर्याची उंची वाचता येते. समरकंदच्या टेकडीत ४० मीटर त्रिज्येचा जो कंस काम करत होता, त्याची रीत समजून घ्यायची तर भारतातल्या माणसाला जयपूरपेक्षा जवळची जागा नाही.